वाटलेलं बियाणं

पेरणीआधी बुलढाण्याचा शेतकरी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. ७० उगवले, तर बियाणं चांगलं. मग शेजाऱ्यालाही देतो. बियाणं राखण्याचा, वाटण्याचा, ब्रँडशिवाय विकण्याचा हा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं मान्य केला आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचंही तत्त्व हेच: घ्या, सुधारा, पुढे द्या, फक्त मूळ कर्त्याचं नाव पुसू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी ‘एचएमटी’ धान निवडून वाढवलं, मोकळ्या हातानं वाटलं; श्रेयासाठी मात्र त्यांना झगडावं लागलं. धंद्यात नफा जरूर व्हावा. पण ज्यांच्या ज्ञानावर तो उभा आहे, त्यांचं ऋण नावानिशी मानणं हीच खरी सचोटी.

– संपादक