फिरता घन आणि साधी सावली

संगणकाच्या पडद्यावर त्रिमिती हवीच, असं म्हणणाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: खरं जग त्रिमित आहे, मग डेस्कटॉपच सपाट का? ऐकायला झकास. पण खऱ्या टेबलावरही कागद आपण सपाट ठेवूनच वाचतो. शिवाय माउस सरकतो तो सपाट पृष्ठावर, आणि मागची वस्तू झाकली गेली तर पडद्यापुढे मान वाकडी करून ती दिसत नाही.

विंडोज व्हिस्टातलं (२००७) ‘फ्लिप थ्रीडी’ आठवा. विंडोजची कळ आणि टॅब दाबलं की उघड्या खिडक्या तिरक्या होऊन एकामागे एक उभ्या राहायच्या. पाहुण्यांना दाखवायला फर्मास! पण धड दिसायची ती पुढची एकच. मागच्यांच्या नुसत्या कडा. वर्डच्या चार फायली उघड्या असल्या तर हवी ती ओळखायची कशी? एकेक पुढे आणून. शेवटी मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ८ मध्ये (२०१२) ही सोय काढून टाकली आणि विंडोज १० मध्ये (२०१५) त्याच कळांवर खिडक्यांची सपाट मांडणी बसवली.

मग ‘हा सगळा भपकाच, बंद करा’ म्हणणारे बरोबर ठरतात का? मुळीच नाही. विंडोज ९५ चं बटण पाहा: वरची आणि डावी कड उजळ, खालची आणि उजवी काळसर. एवढ्यानेच ते उचललेलं वाटायचं. दाबलं की छटांची अदलाबदल होऊन आत गेलेलं दिसायचं. पुढे सपाटपणाची लाट आली आणि बटण कुठलं, नुसता मजकूर कुठला, हे चाचपत बसायची वेळ आली. खिडकीखालच्या सावलीचंही तेच. कोणती खिडकी वर आहे, ते ती न वाचता सांगते.

त्रिमितीचा मोठा लाभ तर दिसतच नाही. मॅकच्या पँथर आवृत्तीतलं (२००३) ‘एक्स्पोजे’ सगळ्या खिडक्या लहान करून शेजारी शेजारी पसरवायचं, एकही न झाकता. मांडणी पूर्ण सपाट; पण प्रत्येक खिडकीचं चित्र वेगळं ठेवून क्षणात लहानमोठं करण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे त्रिमित खेळ चालवणाऱ्या यंत्रणेचंच.

लिनक्सवर २००६ मध्ये कॉम्पिझ या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रणालीने गाजवलेला, प्रत्येक बाजूवर एकेक डेस्कटॉप दाखवणारा फिरता घन केडीईच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉप प्रणालीमध्ये (२०२४) परत आला आहे. हौस असेल त्याने जरूर फिरवावा. सावली बंद करायला मात्र कुणी सांगितलं, तर ऐकू नका.