बंदरातली बाटली

मंडळी, आपल्या गावांतली मुले आता अमेरिकेत नोकरीला आहेत, आणि आईवडिलांना बोलावून कॅरिबियन समुद्रात बोटीची सफरही घडवतात. जमैका, बार्बाडोस ही जुनी उसाची बेटे. आपल्या कारखान्यांत निघते तसल्याच मळीची तिथे रम होते! बंदरावरच्या जकातमाफ, म्हणजे ड्यूटी फ्री, दुकानात ती स्वस्त दिसते आणि व्याह्यांसाठी चार बाटल्या घ्याव्याशा वाटतात.

घ्या, पण एक ध्यानात असू द्या. बोटीवर परतताना शिडीपाशीच सामान तपासतात आणि बाटल्या काढून घेतात. तिथे भांडू नका. बहुतेक कंपन्या पावती देतात आणि सफर संपताना बाटल्या परत करतात. बोटीवरचा बार कंपनीचाच असतो, तेव्हा तिथल्या पेल्यावरचा नफा ती कशी सोडील? पाण्याच्या बाटलीत लपवून नेलीत तर मात्र ती गेलीच म्हणून समजा.

पावती घरच्या बाईंच्या बटव्यात ठेवा, पुरुषांच्या खिशात ती टिकत नाही.

आता घरापर्यंतचा हिशेब. आपल्याकडे कस्टममध्ये माणशी २ लिटरच माफ, त्यापुढे जबर जकात. आणि विमानात बाटल्या हातातल्या पिशवीत नव्हे, मोठ्या बॅगेत धोतरात घट्ट गुंडाळून टाका.