अंतराळांतील पालक आणि आपली मोसंबी

अंतराळांत भाजी वाढवून घनसावंगीच्या शेतकऱ्यास काय लाभ, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर त्या प्रयोगांच्या फलापेक्षां त्यांच्या रीतींत शोधावें, असें आमचें मत आहे.

विद्यार्थ्यांचे हात आतां अंतराळापर्यंत पोंचले आहेत. २२ जून २०१६ रोजीं पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला सुमारें १ किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून कक्षेंत गेला. पुढें ३० डिसेंबर २०२४ रोजीं पीएसएलव्ही-सी६० हा अग्निबाण उडाला. त्याचा शेवटचा टप्पा मुख्य काम आटोपल्यावर वाया न घालवितां २४ प्रयोगांसाठीं वापरण्यांत आला. त्यांत इस्रोनें पाठविलेले चवळीचे ८ दाणे होते; ते ४ दिवसांत रुजले. शिवाय ॲमिटी विद्यापीठ, मुंबई, ह्या संस्थेनें तयार केलेली पालकाच्या पेशींची पेटीहि त्यांत होती.

ह्या पालकाच्या प्रयोगांतील एक गोष्ट शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घ्यावी. एक पेटी वर पाठवितांना तसाच दुसरा प्रयोग त्याच वेळीं खालीं विद्यापीठांत मांडण्याची योजना होती. जोडीला ही दुसरी पेटी नसेल, तर वरच्या पालकांत दिसलेला फरक अंतराळामुळें पडला कीं अन्य कारणानें, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. मोसंबीची फळगळ सुरू झाली म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर आपण सबंध बागेवर एखादें नवें औषध फवारतों. गळ थांबली तर श्रेय बाटलीस. न थांबली तर दोष नशिबास! मध्यंतरीं पाऊस झाला, ऊन उतरलें, पाणी दिलें, ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. पुढील वर्षीं तोच खर्च पुन्हां, आणि ज्ञान मात्र जेथल्या तेथें.

झाडें फवारणीवांचून सोडल्यास नुकसान होईल, असा आक्षेप कोणी घेतील. ज्या रोगावरील उपाय ठरलेला आहे, तेथें विलंब करूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. आमचें म्हणणें केवळ संशयास्पद मालापुरतें आहे. अशा वेळीं एका वयाचीं २० झाडें निवडावीं, चिठ्ठ्या टाकून त्यांतील १० फवारावीं, १० तशींच ठेवावीं आणि दोहोंकडील गळलेलीं फळें दर आठवड्यास मोजावीं. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या शिफारसी मार्गदर्शक आहेतच. तथापि गोदाकांठची काळी जमीन व वरची मुरमाड जमीन एकसारखी वागत नाहीं, म्हणून पडताळा आपल्या बांधाच्या आंतच घ्यावा लागतो.

हें काम आपल्या तालुक्यांतील महाविद्यालयीन मुलामुलींनीं आंखावें, शेतकऱ्यांनीं झाडें व तासें द्यावीं, आणि फसलेल्या प्रयोगाचे आंकडेहि गांवापुढें वाचले जावेत. ज्या मुलांस मोसंबीच्या दोन ओळी प्रामाणिकपणें मोजतां येतील, त्यांनाच उद्यां अंतराळांत पाठविण्याजोगा प्रयोग सुचेल. आणि तो न सुचला, तरी बापाचा औषधांवरील व्यर्थ खर्च वांचेल, हा लाभ लहान नव्हे.