पाकीट गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे

ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१२ पासून सगळ्या सिगारेटी एकाच मळकट तपकिरी पाकिटात मिळतात. त्यावर बोधचिन्ह नाही, चकचकीत रंग नाही. कंपनीचे नाव ठरावीक अक्षरांत आणि बाकी जागा इशाऱ्यांना. यामुळे धूम्रपान घटते का? तिथल्या सरकारी आढाव्यानुसार सप्टेंबर २०१५ पर्यंत झालेल्या घटीचा सुमारे चौथा हिस्सा या पाकिटाचा आणि मोठ्या केलेल्या इशाऱ्यांचा होता. टक्केवारीत तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर जातो, तरी त्यात तिथली लाखभर माणसे येतात.

आपल्याकडे १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला आहे. उरलेला रंगीत भागही जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण जालन्याच्या दंतवैद्यांनी आपल्या टपऱ्या पाहाव्यात. भोकरदन असो की मंठा, गिऱ्हाईक एक सिगारेट मागते, तिथेच पेटवते. पाकीट टपरीवाल्याकडेच राहते. सुट्या सिगारेटी-विड्या घेणाऱ्याला इशारा दिसतच नाही, म्हणून तर राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी झाल्याशिवाय साधे पाकीट इथे पोकळ ठरेल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असते. त्यामुळे साध्या वेष्टणाचा नियम पुडीला आणि विडीच्या बंडलालाही लागू व्हावा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर इशारा देण्याचे काम आपले आहे. दाढदुखीसाठी आलेल्या प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारा; बायकांना मिश्रीबद्दल वेगळे विचारा, कारण अनेकींच्या लेखी ती तंबाखूत मोडत नाही. तोंड किती उघडते ते पाहा. गालात पांढरा चट्टा असेल तर तो आरशात रुग्णाला दाखवा आणि त्याचा अर्थ सांगा. सोडायची तयारी दिसली की १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक त्याच्यासमोर लावून द्या आणि पुढच्या भेटीत त्याची चौकशी करा. छापील चित्र परक्याच्या तोंडाचे असते. आपण दाखवतो तो चट्टा त्याचा स्वतःचा असतो, आणि वेळीच तंबाखू सुटली तर तो बरा होण्याची आशाही असते.