नेमबाजीचा श्रीगणेशा

भिवंडीहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. घर मोठें, तिघां भावांचा संसार एकत्र. धाकट्या भावाच्या चौदा वर्षांच्या कन्येनें रायफलनेमबाजी शिकण्याचा हट्ट धरला आहे. आजोबांस घरांत बंदूक नको. वडील मात्र उंची रायफल विकत घेण्यास निघाले आहेत. आमचा अभिप्राय त्यांनीं विचारला आहे.

कन्येस अवश्य शिकूं द्यावें. रायफल मात्र निदान वर्षभर घेऊं नये. वाढत्या वयाच्या मुलीस कोणत्या मापाचा दस्ता जुळेल, हें आरंभीं सांगतां येत नाहीं. आधीं शिक्षक पाहावा. पनवेलास सुमा शिरूर यांचें केंद्र आहे. भिवंडीकरांस तें फार दूर नव्हे. शाळा-कॉलेजांतील एन. सी. सी.चें पथक हाही एक मार्ग आहे. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठणाऱ्या अंजली भागवत यांचा आरंभ तेथूनच झाला. वडिलांनीं घाईही करूं नये. कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे २००९ सालीं क्रीडा प्रबोधिनींत दाखल झाले. पॅरिसचें कांस्यपदक त्यांच्या हातीं आलें तें २०२४ सालीं.

आतां मुख्य विषय. तीक्ष्ण नजर आणि पोलादी दंड असले कीं नेम साधतो, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक दहा मीटरच्या एअर रायफलींत लक्ष्याचा मध्यबिंदु अवघा अर्धा मिलिमीटर असतो. नळीचें टोंक एक मिलिमीटर ढळलें, तर छर्रा सुमारें एक सेंटीमीटर दूर जाऊन दहाच्या ठिकाणीं सहाच गुण पदरीं पडतात. दंडाच्या जोरावर इतका स्थिरपणा कोणाच्यानें राखवेल? स्नायु थकतात, थरथरतात. म्हणून रायफलीचा भार हाडांवर तोलावयाचा असतो. उजव्या हाताच्या नेमबाजानें लक्ष्याकडे डावी कूस करून उभें राहावें आणि डावें कोपर कमरेच्या हाडावर टेकवावें. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यावे व डोळे उघडावे. नेम बाजूस सरकलेला दिसला, तर हातांनीं रायफल ओढूं नये. पावलें किंचित् हलवून सारें शरीरच वळवावें. ही एक संवय जडली कीं निम्मी विद्या आली.

इतकें करूनही नळी हलतेच. निष्णाताचीही हलते, फक्त थोडी. नवशिका येथेंच फसतो. काळा ठिपका पुढील कड्याच्या बरोबर मध्यें आलेला दिसतांच तो चापास हिसका देतो, आणि त्या हिसक्यानेंच नेम बिघडतो. त्यापेक्षां नजर पुढील कड्यावर ठेवावी, ठिपका अंधुक दिसूं द्यावा, आणि अर्धा श्वास सोडून चाप हळूहळू सरळ मागें दाबीत जावा. बार केव्हां झाला, याचें आपणांसच नवल वाटलें पाहिजे. बारानंतरही क्षणभर तसेंच स्थिर राहावें. सात-आठ सेकंदांत बार न झाल्यास रायफल खालीं घ्यावी. मुलें यास लाजतात. घरच्यांनीं त्याबद्दल शाबासकीच द्यावी.

घरीं आल्यावर 'किती गुण?' असें मात्र विचारूं नये. पहिले कांहीं महिने पांच छर्रे एकमेकांजवळ पडले कीं नाहीं, एवढेंच पाहावें. ते मध्यावर आणणें पुढें सोपें आहे. गोंगाटाची तक्रार भिवंडीच्या कन्येनें तरी करूं नये. यंत्रमागांच्या खडखडाटांत ज्यांनीं पाठांतर केलें, त्यांचें चित्त स्पर्धेंतील आवाजानें काय ढळणार!

आजोबांची धास्ती आम्हांस रास्त वाटते. एअर रायफलीनेंही डोळा जातो. रिकामी असो वा भरलेली, तिचें तोंड माणसाकडे कधींही वळतां कामा नये, आणि नेम धरीपर्यंत बोट चापापासून दूर असावें. पुढें रायफल घरीं आलीच, तर ती कुलपांत राहावी आणि किल्ली आजोबांपाशींच असावी. छर्रे वेगळ्या कपाटांत ठेवावे. मुलांचा राबता असलेल्या घरांत रायफल भरण्यास मुळींच मुभा नसावी.

एक सूचना घरांतील स्त्रियांकरितां. छर्रे शिशाचे असतात आणि शिसें पोटांत जाणें वाईट. सरावाहून आलेल्या मुलीनें साबणानें हात-तोंड स्वच्छ धुवावें, कपडे बदलावे, आणि मगच तिला पानावर बसूं द्यावें.