टिकाव खांद्यावर, ठराव वाऱ्यावर



आज पिकाचं नाही, माणसांचं लिहितो. विषय ग्रामपंचायतीचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या बांधावरच येतो.

तेरखेड्याचे फटाके सगळ्या महाराष्ट्रात जातात. त्यामुळं एक गोष्ट आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आवाज झाला, उजेड पडला, की सकाळी रस्त्यावर कागदाचा कचरा उरतो. आपल्या भागातल्या बऱ्याच सदस्यांची 'समाजसेवा' मला हल्ली तशीच वाटायला लागली आहे. वाढदिवसाला वह्यावाटप, उन्हाळ्यात पाणपोई, पाऊस पडला की पाच रोपं आणि पन्नास फोटो. वाईट नाही हो यातलं काहीच. तहानलेल्याला पाणी मिळालं तर चांगलंच आहे. माझं भांडण वेगळं आहे. ज्या कामासाठी तुम्हाला मत दिलं, ते काम बाजूला ठेवून तुम्ही ही सेवा करता, आणि वर आम्हीच आभार मानायचे?

एक उदाहरण देतो. गावाचं नाव सांगत नाही, आपल्याच पट्ट्यातलं आहे. शिवारात जायची एक पाणंद. पावसाळ्यात गुडघाभर चिखल. सोयाबीन काढून ढीग लावलाय, वरून पाऊस, आणि मळणी यंत्र रानात जाऊ शकत नाही. ढिगाला खालून ओल लागते, शेंगेत दाणा काळा पडतो, कोंब फुटतात. मग अडत्याकडं नेलं की तो मूठभर हातात घेतो आणि भाव पाडतो. तिथल्या एका सदस्यानं तीन वर्षं सलग लोकांना गोळा करून श्रमदान केलं. स्वतः टिकाव घेऊन उभा राहिला, स्वतःच्या ट्रॅक्टरनं मुरूम आणला. माणूस कष्टाळू, प्रश्नच नाही. पण तिन्ही वर्षं पहिल्या मोठ्या पावसात मुरूम वाहून गेला, कारण ओढ्याचं पाणी रस्त्यावरून जातं आणि तिथं नळ्या टाकलेल्या नाहीत. नळ्यांसाठी अंदाजपत्रक लागतं, त्यासाठी ठराव लागतो. तीन वर्षांत तो ठराव एकदाही मांडला गेला नाही. टिकाव मारायला गावात दोनशे हात होते. पंचायतीच्या बैठकीत ठराव मांडायचा हक्क मात्र सदस्यालाच होता, आणि तो वापरलाच नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. श्रमदान कुणीही करू शकतं. सदस्यपण निवडून आलेल्यालाच करता येतं.

काही जण म्हणतील, बिचाऱ्याला मिळतं काय? खरं आहे. २०२४ मध्ये सरकारनं सरपंचाचं मानधन दुप्पट केलं, तरी लोकसंख्येप्रमाणं महिन्याला ६, ८ नाहीतर १० हजारच. साध्या सदस्याला बैठकीचा किरकोळ भत्ता. पदरमोड होते, मान्य. पण पदरमोड करून बॅनर लावता येतो, तर फुकट मिळणारं बैठकीचं इतिवृत्त का वाचता येत नाही? कायद्यानं सलग सहा महिने परवानगीशिवाय बैठकीला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जातं. पाणपोई घातली नाही म्हणून कुणाचं सदस्यत्व गेल्याचं ऐकलंय का? काम कोणतं आणि हौस कोणती, हे कायद्यानं लिहून ठेवलंय.

२०२५ चा सप्टेंबर आठवा. भूम-परंड्याकडं रानंच्या रानं खरवडून गेली. तेव्हा लोक धावून आले, रात्रीच्या भाकरी बांधून आल्या, कुणी जात विचारली नाही. त्याच वेळी मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापलेलेही आपण बघितले, त्याची चर्चा राज्यभर झाली. सेवेत आणि जाहिरातीत काय फरक आहे तो त्या आठवड्यात लहान पोरालाही कळला. आणि हेही ध्यानात ठेवा की आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली होती. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. म्हणजे इतक्या मोठ्या संकटात जिल्हा परिषदेच्या सभागृहात आपल्या गटाचा प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. त्या रिकाम्या खुर्चीची भरपाई कोणत्याच किटनं होत नाही.

आता दोन्ही कामं जमवणारे कसे असतात ते बघा. हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. श्रमदान तिथंही झालं, भरपूर झालं. पण त्याच्या जोडीला गावानं नियम केले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. चर खोदणं सोपं होतं. सख्ख्या भावकीला 'बोअर पाडू नको' असं तोंडावर सांगणं अवघड होतं. सरपंचकी तिथं लागते.

पाटोद्याला भास्करराव पेरे पाटलांनी कर भरणाऱ्याला दळण फुकट केलं. ती खैरात नव्हती, व्यवहार होता: तू कर दे, पंचायत सोय देईल. २०२१ च्या निवडणुकीत त्यांची मुलगी पडली. लोक म्हणाले, एवढं करून काय मिळालं? मी म्हणतो, सेवा म्हणजे उसनवारी नाही की मतात परत मिळावी. ज्याला ती परत हवी आहे, त्यानं खुशाल व्याजाचा धंदा करावा.

आणि लांब कशाला, शेजारच्या बार्शी तालुक्यातल्या सुर्डीनं २०१९ चा वॉटर कप जिंकला. श्रमदानाची ताकद मी नाकारत नाही. पण बांध घातल्यावर त्याचा गाळ पुढची दहा वर्षं कोण काढणार, ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबला की बंधाऱ्याची गेटं वेळेवर कोण बसवणार? तिथं स्पर्धा नसते, कॅमेरा नसतो. तिथं पंचायत लागते.

म्हणून येत्या ग्रामसभेला जा. वर्षात किमान चार व्हायला पाहिजेत, आणि गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जो आकडा कमी असेल तेवढे पुरतात. आपल्या वॉर्डाच्या सदस्याला हात जोडून चार प्रश्न विचारा.

१. वित्त आयोगाचा बंधित आणि अबंधित निधी किती आला, कशावर गेला?
२. आमच्या पाणंदीचा ठराव कोणत्या तारखेला झाला, नक्कल कुठाय?
३. बंधाऱ्याची गेटं बसवायची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे?
४. गेल्या वर्षभरात तुम्ही किती बैठकांना होता आणि काय बोललात?

कुणी वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर सदस्याच्या मध्यस्थीची वाट बघत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करा. बांधावरून नवा रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३.

आणि सदस्य मंडळींनो, राग मानू नका. टिकाव घ्या, जरूर घ्या, आम्ही शेजारी उभे राहू. पण त्याआधी नळ्यांचा ठराव करून घ्या. यंदा पहिल्या पावसात मुरूम पुन्हा वाहून गेला, तर चौथ्या श्रमदानाला आम्हाला बोलवू नका.