पार्श्वभूमी पुसण्याआधी

नवा कॅमेरा घेतलेल्या वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : मागचे सगळे छान धूसर व्हावे म्हणून कोणती लेन्स घेऊ? आपण कार्यशाळा घेणारे, क्लब चालवणारे, लग्नाच्या कामांत हाताखाली एखाददुसरा मुलगा तयार करणारे बहुतेक एकाच वाक्यात मोकळे होतो. पन्नासची प्राइम घे, एफ १.८ वर उघड. हे उत्तर बरोबरच आहे, पण त्याने शिकणारा दुकानात जातो आणि उभे कुठे राहायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

चेन्नईतल्या अड्यारचे उदाहरण घेऊ, कारण तिथे ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ मध्ये घेतलेल्या त्या आवारात एक विशाल वड आहे. त्याचे वय सुमारे साडेचारशे वर्षे मानतात. १९८९ च्या वादळात त्याचे मुख्य खोड कोसळले. आज आहे तो पारंब्यांवर तोललेला विस्तार. नवशिका इथे आला की सोबत्याला एखाद्या पारंबीला टेकवून उभा करतो, झाड मावावे म्हणून चांगला आठ-दहा पावले मागे सरकतो आणि किट लेन्स १८ वर ठेवून एफ ३.५ लावतो, कारण आकडा लहान तेवढे धूसर जास्त, असे त्याने ऐकलेले असते. फोटोत पारंबीची सालसुद्धा मोजता येते. मग दोष लेन्सला मिळतो.

विद्यार्थ्यांना एफ-आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा छिद्राचा व्यास काढायला शिकवावे, असे आमचे ठाम मत आहे. फोकल लांबीला एफ-आकड्याने भागले की झाले. १८ ला ३.५ ने भागा, पाच मिलिमीटर येतात. तीच किट लेन्स ५५ वर नेली, एफ ५.६ झाले, तर जवळपास दहा. आकडा वाढला तरी छिद्र दुप्पट मोठे झाले! पन्नासच्या प्राइमचे एफ १.८ ला अठ्ठावीस, म्हणजे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढे. आणि २५० मिलिमीटरची साधी टेलिझूम एफ ५.६ लाही पंचेचाळीसवर जाते.

या व्यासाचा उपयोग असा : खूप दूरचा प्रकाशाचा ठिपका फोटोत जी चकती होऊन पसरतो, ती चेहऱ्याच्या मापाने मोजली तर या छिद्राएवढीच असते. अठ्ठावीस मिलिमीटरची चकती चेहऱ्याशेजारी चांगली डोळ्यात भरते, पाचची कुणाच्या लक्षातही येत नाही. पार्श्वभूमी जवळ असेल तर चकती त्या प्रमाणात आक्रसते. माणूस कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि पारंबी त्याच्यामागे आणखी दोन मीटरवर असेल तर ती निम्मीच राहते. माणूस आणि कॅमेरा दोघेही एवढे पुढे आले की पारंबी अठरा मीटर मागे पडेल, तर चकती नऊ-दशांश मिळते. दमडीही खर्च न होता धूसरपणा जवळजवळ दुप्पट झाला. आणि माणसाच्या जवळ गेले की चेहऱ्याबरोबर चकत्याही चौकटीत मोठ्या होतात. किट लेन्सवाल्याने आधी एवढे करून पाहावे आणि मग दुकानाची वाट धरावी.

छिद्र मोठे झाले की त्याची किंमतही मोजावी लागते. एपीएस-सी सेन्सरवर पन्नासची लेन्स एफ १.८ ला, एक मीटरवरून, जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर खोली स्पष्ट देते. डोळा सापडला तर नाकाचे टोक सुटते. दोन मीटरवर गेले की हीच खोली अकरा सेंटीमीटरच्या आसपास होते, म्हणून पहिले धडे तिथूनच द्यावेत आणि फोकस जवळच्या डोळ्यावर धरायला सांगावे. उन्हाचेही भान हवे. चेन्नईच्या एलियट्स बीचवर भर दुपारी आयएसओ १०० ला एफ १.८ वापरायचे तर शटर एक-आठहजारांश लागते, आणि सुरुवातीचे बरेच कॅमेरे एक-चारहजारांशला थांबतात. फोटो पांढरा पडतो तो यामुळे. एनडी फिल्टर नसेल तर सावली गाठावी, आणि सावलीला वडाखालच्यासारखी जागा नाही. पानांच्या फटींतून येणाऱ्या उजेडाच्या चकत्या तिथे आपोआप मिळतात. चौकटीच्या कडेला त्या लांबट होतात. तो फोकसचा दोष मानू नये.

मोबाइलवर नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ ने हा धूसरपणा गणिताने करून दाखवला आणि हजारो लोकांना पार्श्वभूमीकडे पहिल्यांदा पाहायला लावले. फक्त हे गणित कडांवर अडखळते. सुटे केस, वेणीत माळलेला मोगऱ्याचा गजरा, माणसाच्या कानाशेजारून उतरणारी बारीक पारंबी यांतले काय पुढचे आणि काय मागचे, हा मोबाइलचा अंदाज असतो. चेन्नईत गजरा माळलेली मुलगी शोधावी लागत नाही, तेव्हा विद्यार्थ्यांना फोटो मोठा करून गजऱ्याची कड तपासायला जरूर लावा.

मात्र आम्हाला खरी काळजी वाटते ती धूसरपणा जमू लागल्यानंतरची. नवशिका मग सगळीकडे छिद्र पूर्ण उघडूनच ठेवतो. स्पर्धांना येणाऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंत गोरेगाव, गडहिंग्लज, गिंडी असा काही भेद उरत नाही. मागे सगळीकडे तीच हिरवी मलई. अड्यारच्या वडाचे मूळ खोडच उरलेले नाही. झाड म्हणजे मागच्या पारंब्या. त्या विरघळल्या तर तो माणूस तिथे गेला कशाला? मद्रासचे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार एम. कृष्णन आयुष्यभर काळ्या-पांढऱ्या चित्रांत प्राणी टिपत राहिले, आणि त्यांच्या हत्तीमागे रान असे, त्याचे गवत आणि झाडोरा ओळखू येत असे. व्यक्तिचित्र काढणाऱ्यांनीही ती चित्रे समोर ठेवून बसावे.

इथेही हिशोब करता येतो. अठरा मीटर मागची दहा सेंटीमीटर जाड पारंबी, दोन मीटरवरच्या चेहऱ्याच्या मापाने, एक सेंटीमीटरची दिसते. पन्नासच्या लेन्सने एफ १.८ ला तिच्यावर अडीच सेंटीमीटरची चकती पसरते आणि पारंबी नाहीशी होते. एफ ४ ला चकती नि पारंबी बरोबरीला येतात, म्हणजे नुसता उभा ओघळ राहतो. एफ ८ ला पारंबी ओळखू येते, तरी चेहऱ्याशी भांडत नाही. व्यक्तिचित्रासाठी एफ ८ सांगितले की अजून भुवया उंचावतात. आमच्या मते या जागी तोच आकडा सर्वांत सुंदर आहे.

कार्यशाळांत हा सराव घ्यावा, अशी विनंती. माणूस तोच, जागा तीच, एफ १.८, ४ आणि ८ असे तीन फोटो, आणि ती जागा न पाहिलेल्या कुणाला तरी विचारायचे की हा कुठे उभा आहे. अड्यारलाच जायला हवे असे नाही. घाटातली पायरी, आठवडी बाजार, एसटी स्टँड चालेल. पुढील अंकापासून वाचकांच्या पानासाठी आम्ही असे त्रिकूटच स्वीकारू. प्रत्येक फोटोसोबत फोकल लांबी, एफ-आकडा, कॅमेऱ्यापासून माणसाचे अंतर आणि माणसापासून पार्श्वभूमीचे अंतर लिहा. अंतर पावलांनी मोजलेले असले तरी पुरे. तिघांतला कोणता तुम्ही निवडला आणि का, हे मात्र चार ओळींत कळवाच.